बालवाचनातील मध्यस्थ : १९५१ ची म्युनिक परिषद आणि तिच्यामागील विचार

प्रौढ वाचक आपला ग्रंथ आपण निवडतो. बालवाचकाची स्थिती तशी नाही. त्याच्यासाठी लिहितो तो प्रौढ, छापतो तो प्रौढ, विकत घेतो तोही प्रौढच. आणि ग्रंथालयातील कपाटाची किल्ली बहुधा प्रौढाच्याच हाती असते. वाङ्मयाच्या इतर सर्व प्रकारांत लेखक व वाचक यांचा संबंध प्रत्यक्ष असतो, निदान तो तसा असू शकतो. बालवाङ्मयात मात्र या दोहोंमध्ये एक मध्यस्थ उभा असतो. शिक्षक, पालक आणि ग्रंथपाल ही त्या मध्यस्थाची तीन प्रमुख रूपे होत. बालवाङ्मयाचा अभ्यास करताना लेखक आणि कृती यांच्याकडे जितके लक्ष दिले जाते, तितके या मध्यस्थांकडे दिले जात नाही. परंतु कोणते पुस्तक मुलाच्या हाती पडते आणि कोणते पडत नाही, याचा निर्णय अंती तेच करीत असतात.

या मध्यस्थांना एकत्र आणणाऱ्या परिषदा आज जगात अनेक ठिकाणी भरतात. त्यांचे प्रयोजन पुष्कळदा पुस्तकांची ओळख, याद्यांची देवघेव आणि लेखकांचे सत्कार एवढ्यापुरतेच समजले जाते. हे प्रयोजन याहून अधिक गंभीर कसे आहे, हे पाहावयाचे असेल, तर १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यात म्युनिक येथे भरलेल्या परिषदेचा आणि तिच्या पूर्वेतिहासाचा विचार करणे उपयुक्त ठरते. कारण ज्या देशात ही परिषद भरली, त्या देशात अवघ्या काही वर्षांपूर्वी हेच मध्यस्थ बालमनात द्वेष रुजविण्याच्या कामी लावले गेले होते.

निवडीची यंत्रणा आणि तिचा पाडाव

बालग्रंथांची पारख करण्याचे कार्य जर्मनीत फार आधी सुरू झाले होते, आणि ते सुरू केले होते शिक्षकांनी. शिक्षकांच्या परीक्षण-समित्या नवीन बालग्रंथ वाचून त्यांवर अभिप्राय देत. या समित्यांचे ‘युगेंडश्रिफ्टेन-वार्टे’ नावाचे नियतकालिक १८९३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्याचे संपादन पुढे हॅम्बुर्ग येथील शिक्षक हाइन्रिख वोल्गास्ट यांच्याकडे आले. वोल्गास्ट यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या देशातील बालवाङ्मयाच्या दुरवस्थेची चिकित्सा केली. मुलांसाठी लिहिलेली ललितकृती ही प्रथम कलाकृती असली पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. उपदेशासाठी किंवा राष्ट्राभिमानाच्या प्रचारासाठी रचलेल्या कथांना त्यांचा स्पष्ट विरोध होता. बालग्रंथांच्या परीक्षणाची इतकी संघटित आणि तत्त्वनिष्ठ व्यवस्था त्या काळी अन्यत्र क्वचितच आढळली असती.

१९३३ मध्ये नाझी पक्षाच्या हाती सत्ता आल्यावर ही व्यवस्था मोडून टाकण्याची आवश्यकता नव्या राज्यकर्त्यांना भासली नाही. त्यांनी ती ताब्यात घेतली. परीक्षण-समित्या आणि त्यांचे नियतकालिक ही दोन्ही पक्षाच्या शिक्षक-संघटनेखाली आली. समित्या राहिल्या, याद्या राहिल्या, शिफारशीही राहिल्या. बदलला तो केवळ निकष. त्याच वर्षी १० मे रोजी बर्लिन येथे व इतर विद्यापीठनगरांत ग्रंथांची होळी करण्यात आली. ज्यांचे ग्रंथ जाळले गेले, त्या लेखकांत एरिष केस्टनर हे एक होते आणि बर्लिनमधील त्या प्रसंगी ते स्वतः गर्दीत उभे होते. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही बालकादंबरी तेवढी इतकी लोकप्रिय होती की, त्या वेळी ती वगळण्यात आली.

पुढे १९३८ मध्ये न्यूरेंबर्ग येथून ‘विषारी अळंबे’ या अर्थाच्या नावाचे सचित्र बालपुस्तक निघाले. ज्यू लोकांविषयी मुलांच्या मनात तिरस्कार व भय उत्पन्न करणे हा त्याचा उघड हेतू होता. त्याचा प्रकाशक यूलियुस श्ट्रायखर हा मूळचा प्राथमिक शिक्षक होता, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलाला काय समजते, कोणते चित्र त्याच्या मनावर ठसते, कोणत्या वयात कोणता दृष्टान्त परिणामकारक होतो, याचे अध्यापनकौशल्य या पुस्तकात पुरेपूर वापरलेले दिसते. कौशल्य तेच राहून हेतू पालटला, म्हणजे काय घडते, याचे हे उदाहरण होय.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष सोपा असला, तरी अप्रिय आहे. निवडीची यंत्रणा कितीही उत्तम असली, तरी तेवढ्याने बालवाचकाचे संरक्षण होत नाही. निवड करणारे सर्व जण एकाच आज्ञेखाली आले, म्हणजे हीच यंत्रणा बालवाचकाविरुद्ध वापरता येते. म्हणून युद्धोत्तर जर्मनीपुढील प्रश्न केवळ चांगली पुस्तके आणण्याचा नव्हता. मध्यस्थांचे परस्परसंबंध कसे असावेत, हा त्याहून मूलगामी प्रश्न होता.

येल्ला लेपमन यांचे कार्य

या प्रश्नाला ज्यांनी प्रत्यक्ष कृतीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला, त्या येल्ला लेपमन यांचा जन्म १८९१ मध्ये श्टुटगार्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ऐन तारुण्यात त्यांनी तेथील एका सिगारेटच्या कारखान्यातील परदेशी कामगारांच्या मुलांसाठी वाचनकक्ष उघडला होता. पुढे त्या पत्रकार झाल्या. आणि १९३६ मध्ये त्यांना देश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. युद्ध संपल्यावर, १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या स्त्रिया व युवक यांविषयीच्या सल्लागार म्हणून त्या जर्मनीत परतल्या.

भुकेल्या आणि बेघर मुलांच्या देशात प्रथम अन्न की पुस्तक, असा प्रश्न त्यांच्यापुढे स्वाभाविकच उभा राहिला. लेपमन यांनी दोहोंमध्ये अशी विभागणी मानली नाही. त्यांनी वीस देशांना पत्रे लिहून त्या त्या देशांतील उत्तम बालग्रंथ प्रदर्शनासाठी मागितले. पत्रांतील मागणीचा आशय असा होता की, या युद्धाचा दोष जर्मन मुलांकडे नाही, आणि म्हणून शांततेचे पहिले दूत म्हणून त्यांच्याकडे पुस्तके यावीत. बहुतेक देशांनी होकार दिला. बेल्जियमने प्रथम नकार कळविला. जर्मनीचे आक्रमण त्या देशाने दोनदा सोसले होते. लेपमन यांनी पुन्हा पत्र लिहिले. ज्या देशाला पुनः आक्रमणाची भीती वाटते, त्याच देशाला शेजारची मुले वेगळी घडण्यात सर्वांत अधिक स्वारस्य असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बेल्जियमची पुस्तके आली.

हे प्रदर्शन ३ जुलै १९४६ रोजी म्युनिक येथील ‘हाउस डेर कुन्स्ट’ या वास्तूत भरले. १९३७ मध्ये नाझी कलादृष्टीचे मंदिर म्हणून तिचे उद्घाटन खुद्द हिटलरच्या हस्ते झाले होते. तेथेच आता निरनिराळ्या देशांतील सुमारे ४,००० बालग्रंथ मांडले गेले. प्रदर्शन पुढे इतर शहरांत गेले. बर्लिन येथे त्या वर्षीच्या नाताळात लेपमन यांनी मनरो लीफ या अमेरिकन लेखकाच्या ‘फर्डिनंड’ या कथेचे स्वतः जर्मन भाषांतर केले आणि वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या ३०,००० प्रती छापवून मुलांत वाटल्या. झुंज देण्यापेक्षा फुलांचा वास घेत बसणे ज्याला आवडते, अशा एका बैलाची ती कथा आहे. पुस्तक पाहण्यास मिळाले, तरी घरी नेण्यास मिळत नाही, ही प्रदर्शनाची मर्यादा या कृतीने काही अंशी भरून काढली.

प्रदर्शनाचे रूपांतर स्थायी संस्थेत व्हावे, या दिशेने पुढील प्रयत्न झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १४ सप्टेंबर १९४९ रोजी म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय बाल-ग्रंथालय उघडले गेले. लेपमन १९५७ पर्यंत त्याच्या संचालिका होत्या. १९८३ पासून हे ग्रंथालय त्याच शहरातील ब्लुटेनबुर्ग या जुन्या किल्ल्यात असून तेथील संग्रह आता सहा लाखांहून अधिक ग्रंथांचा आहे.

या ग्रंथालयाच्या पद्धतीत एक गोष्ट तत्त्वतः महत्त्वाची होती. जर्मन ग्रंथालयांत तोवर प्रचलित असलेली रीत अशी की, वाचकाने खिडकीपाशी मागणी करावी आणि ग्रंथपालाने पुस्तक आणून द्यावे. म्युनिकच्या ग्रंथालयाने अमेरिकेतील बालविभागांच्या धर्तीवर मुक्तद्वार पद्धती स्वीकारली. मुलाने स्वतः फडताळापर्यंत जावे, पुस्तक काढावे, चाळावे, नको असल्यास परत ठेवावे. शिवाय तेथे मुलांची ग्रंथचर्चा होई, चित्रकलेचा वर्ग चाले आणि परभाषांचे शिक्षण दिले जाई. ही व्यवस्था वरवर केवळ सोयीची दिसते. परंतु मागील बारा वर्षांत ज्या मुलांनी पुस्तकाविषयी स्वतःचे मत मांडलेले कोणी ऐकले नव्हते, त्यांच्या बाबतीत निवडीचा अधिकार अंशतः वाचकाकडे परत देणे, हा या पद्धतीचा खरा अर्थ होता.

१९५१ ची परिषद

अशा पार्श्वभूमीवर लेपमन यांच्या पुढाकाराने म्युनिक येथे १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये परिषद भरली. ‘बालग्रंथांद्वारा आंतरराष्ट्रीय सामंजस्य’ हा तिचा विषय होता. लेखक, चित्रकार, प्रकाशक, शिक्षक आणि ग्रंथपाल तीत एकत्र आले. केस्टनर त्यांत होते. स्पॅनिश तत्त्ववेत्ते होसे ऑर्तेगा इ गासेत यांचे शिक्षणातील विरोधाभासाविषयी व्याख्यान झाले. हा विरोधाभास परिषदेच्या विषयाशी निकट संबद्ध आहे. शिक्षण देणारा प्रौढ मुलाला आपल्या जगासाठी तयार करू पाहतो. मूल मात्र अद्याप त्या जगात राहत नसते. कल्पना आणि मिथ्यकथा यांतूनच त्याचे मन वाढते, आणि प्रौढाला घाई असते ती नेमकी या अवस्थेतून त्याला बाहेर काढण्याची.

परिषदेतून एका स्थायी आंतरराष्ट्रीय मंडळाची कल्पना पुढे आली आणि १९५३ मध्ये झुरिच येथे त्या मंडळाची रीतसर स्थापना झाली. बालग्रंथांसाठीचे हे आंतरराष्ट्रीय मंडळ आज ‘इब्बी’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्याची रचना पाहिली असता तिच्यातील दूरदृष्टी ध्यानात येते. प्रत्येक देशात मंडळाचा राष्ट्रीय विभाग असतो, आणि लेखकांपासून ग्रंथपालांपर्यंत निरनिराळ्या व्यवसायांतील लोक त्या विभागात एकत्र येतात. कोणता ग्रंथ चांगला, याचा निर्णय एका व्यवसायाकडे अगर एका राष्ट्राकडे राहू नये, ही या रचनेमागील भूमिका दिसते. १९३३ मध्ये जर्मनीत केवळ शिक्षकांच्या हाती असलेली यंत्रणा एका फटक्यात हस्तगत करता आली होती, हे येथे आठवावे.

तीन मध्यस्थांचे तीन निकष

शिक्षक, पालक आणि ग्रंथपाल यांना एकत्र बसविण्याची आवश्यकता का असावी, हे त्यांच्या निकषांतील भेद पाहिल्यावर स्पष्ट होते.

शिक्षक पुस्तकाकडे शिकविण्याच्या दृष्टीने पाहतो. भाषा शुद्ध आहे काय, माहिती अचूक आहे काय, इयत्तेला ते झेपेल काय, असे त्याचे प्रश्न असतात. ते रास्तच आहेत. परंतु या दृष्टीचा अतिरेक झाला, म्हणजे प्रत्येक कथेच्या शेवटी प्रश्नोत्तरे येतात आणि वाचन हा अभ्यासाचाच एक भाग होऊन बसतो. पालक पुस्तकाकडे आचरणाच्या दृष्टीने पाहतो. मूल यातून काय उचलेल, ही त्याची चिंता असते. या चिंतेच्या मुळाशी वात्सल्य आहे. परंतु तिच्यापोटी खोडकर नायक, दुःखद शेवट आणि अवघड प्रश्न ही सारी पुस्तकातून हद्दपार होण्याचा संभव असतो. ग्रंथपाल मूल काय मागते, काय अर्ध्यावर सोडते आणि काय तिसऱ्यांदा नेते, हे पाहत असतो. वाचकाच्या खऱ्या आवडीची सर्वांत विश्वसनीय माहिती त्याच्यापाशी असते. परंतु मागणी हाच एकमेव निकष मानला, तर ग्रंथालय आणि दुकान यांत भेद उरत नाही.

तात्पर्य, प्रत्येकाच्या दृष्टीत एक सत्य आहे आणि प्रत्येकाच्या दृष्टीला एक आंधळा कोपरा आहे. परिषदेचे खरे कार्य या तिघांचे एकमत घडवून आणणे हे नव्हे. तसे एकमत तर नाझी राजवटीतही झाले होते. त्यांचा मतभेद सुसंस्कृत रीतीने चालू राहील, अशी जागा निर्माण करणे, हे तिचे कार्य होय. या तिघांपैकी शिक्षक व ग्रंथपाल यांच्या व्यावसायिक संघटना असतात. पालकांचे तसे संघटित प्रतिनिधित्व सहसा नसते. त्यामुळे पालकांच्या वतीने इतरच बोलतात, ही अशा परिषदांतील नेहमीची उणीव होय.

याच संदर्भात १९५३ या वर्षातील आणखी एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. ज्या वर्षी झुरिच येथे मंडळ स्थापन झाले, त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत मुलांना व तरुणांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांच्या प्रसाराला आळा घालणारा कायदा संमत झाला. म्हणजे एकाच काळात दोन मार्ग समोर होते. एक मार्ग वाईट पुस्तक मुलापासून दूर ठेवण्याचा, आणि दुसरा चांगले पुस्तक मुलाच्या जवळ नेण्याचा. पहिल्याची गरज मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. ‘विषारी अळंबे’सारख्या पुस्तकाची आठवण ताजी असलेल्या समाजाला तर ते म्हणणे शक्यच नव्हते. तथापि पहिला मार्ग राज्यसत्तेच्या हाती असतो आणि सत्ता पालटली की त्याचा रोखही पालटू शकतो. दुसऱ्या मार्गासाठी माणसे, जागा, ग्रंथ आणि वेळ लागतो. म्हणूनच तो महाग आहे, परंतु सहजासहजी हस्तगत करता येण्याजोगा नाही.

मंडळाची साधने आणि मर्यादा

मंडळाने स्वीकारलेली साधने या दुसऱ्या मार्गातील आहेत. १९५६ पासून हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या नावाचा पुरस्कार दर दोन वर्षांनी दिला जातो. त्याच्या पहिल्या मानकरी इंग्लिश लेखिका एलिनॉर फार्जन या होत्या. १९५८ मध्ये अस्त्रिद लिंडग्रेन यांना आणि १९६० मध्ये केस्टनर यांना तो मिळाला. १९३३ मध्ये ज्याचे ग्रंथ जाळले गेले, त्या लेखकाचा हा गौरव होता. १९६६ पासून चित्रकारांसाठीही हा पुरस्कार देण्यात येऊ लागला. चित्र हे बालग्रंथाचे अलंकरण नसून अंग आहे, या मताला त्यामुळे मान्यता मिळाली. १९६७ पासून २ एप्रिल हा अँडरसन यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय बालग्रंथदिन म्हणून पाळला जातो. लेपमन १९७० मध्ये झुरिच येथे निवर्तल्या. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ १९६४ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

या कार्याच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. आरंभीच्या काळात ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात युरोप आणि उत्तर अमेरिका एवढाच होता. अँडरसन पुरस्कार मिळविणारे पहिले आशियाई चित्रकार, जपानचे सुएकिची आकाबा, यांना तो १९८० मध्ये मिळाला. आशियातील पहिले लेखक मिचिओ मादो यांना तर १९९४ मध्ये. ज्या भाषांतील बालग्रंथांची भाषांतरे होत नाहीत, त्या भाषा परीक्षकांच्या दृष्टीआड राहतात, हे याचे एक कारण उघड आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. बालवाचकाच्या हिताची चर्चा जेथे होते, तेथे बालवाचक बहुधा उपस्थित नसतो. म्युनिकच्या ग्रंथालयातील मुलांच्या ग्रंथचर्चा म्हणूनच परिषदेइतक्याच, किंबहुना अधिकच, अर्थपूर्ण मानल्या पाहिजेत.

मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने

या मंडळाचे अधिवेशन १९९८ मध्ये नवी दिल्ली येथे भरले होते, आणि १९८१ मध्ये स्थापन झालेली बालसाहित्यिक व चित्रकार यांची संघटना मंडळाचा भारतीय विभाग म्हणून काम करीत आली आहे. तेव्हा हा विचार मराठी अभ्यासकाला परका नाही. तथापि मराठीतील मध्यस्थांचा इतिहास निराळ्या क्रमाने घडला आहे. येथील बालवाङ्मयाच्या उभारणीत शिक्षकाचा वाटा फार मोठा आहे. १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू करणारे विनायक कोंडदेव ओक हे शिक्षणखात्याशी संबंधित होते. साने गुरुजी अमळनेर येथे शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक हे पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्या संस्थेचेच अपत्य आहे. या परंपरेने मराठी मुलांना दिलेले धन मोठे आहे; परंतु तीमुळे ग्रंथपालाचा आवाज तुलनेने क्षीण राहिला, असे म्हणावे लागते.

वस्तुतः १९६७ या एकाच वर्षी महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही संमत झाला. एका संस्थेने मुलाच्या हाती नेमलेले पुस्तक दिले, दुसऱ्या व्यवस्थेने त्याला न नेमलेले पुस्तक मिळण्याची शक्यता निर्माण केली. पहिल्या व्यवस्थेचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. दुसरीच्या अभ्यासाची साधने मात्र गावोगावच्या ग्रंथालयांतील बालविभागांच्या देवघेव-नोंदवह्यांत पडून आहेत. कोणते पुस्तक कितीदा गेले, कोणते कधीच हलले नाही, खरेदीची यादी कोणी केली आणि त्या यादीचा मुलांच्या मागणीशी मेळ कितपत बसला, हे प्रश्न पदव्युत्तर संशोधनास योग्य आहेत. जुन्या नोंदवह्या रद्दीत जातात. म्हणून हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

शिक्षक, पालक व ग्रंथपाल यांच्या परिषदांचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे. किती ठराव संमत झाले, यापेक्षा परिषदेनंतर किती कपाटे उघडली गेली आणि पुस्तक निवडण्यासाठी मुलाचा हात स्वतः फडताळापर्यंत पोहोचू लागला की नाही, ही विचारणा अधिक महत्त्वाची आहे. मध्यस्थाशिवाय बालवाचन संभवत नाही. परंतु आपली जागा वाचकासाठी हळूहळू मोकळी करून देणे, हेच मध्यस्थाचे कर्तव्य होय. आणि हे ज्या समाजाने ओळखले नाही, तेथे केवढा अनर्थ ओढवू शकतो, हे १९३३ नंतरच्या बारा वर्षांनी दाखवून दिले आहे.